गुरूचा पांढरा गोळा का होतो? दुर्बिणीतून ग्रह टिपताना एक्स्पोजर आणि फोकस

ग्रह एका ओळीत येणार, गुरू पृथ्वीजवळ येणार, शनीची कडी दिसेनाशी होणार अशा बातम्या आता दर दोन-चार महिन्यांनी येतात आणि त्या आल्या की इंदुरातल्या राजेंद्रनगर-सुदामानगरच्या गच्च्यांवर एरवी कपाटामागे उभ्या असलेल्या दुर्बिणी बाहेर निघतात. नेत्रिकेला डोळा लावला की गुरूचे दोन तपकिरी पट्टे आणि शेजारचे चार चंद्र स्वच्छ दिसतात. मग कोणीतरी नेत्रिकेवर मोबाइल धरतो आणि पडद्यावर उमटतो तो एक पांढराफेक, कडा पसरलेला गोळा. कॅमेरा बदलला, महागडा डीएसएलआर जोडला, तरी गोळा पांढराच राहतो, फक्त थोडा लहान होतो. डोळ्याला सहज दिसणारे पट्टे कॅमेऱ्याला का दिसत नाहीत, हा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे.

दुर्बीण लहान आहे, शहरात उजेड फार आहे, कॅमेरा अंधारात कमी पडतो, अशी उत्तरे सहसा मिळतात. माझ्या मते ती तिन्ही बाजूला ठेवावीत. ग्रहाच्या छायाचित्रात अंधाराची अडचण जवळजवळ नसतेच. खरी अडचण हवेची असते, आणि एक्स्पोजर काय किंवा फोकस काय, दोन्ही हवेच्या कलाने ठरवावे लागतात.

ग्रहावर भर दुपार असते

ग्रहाला स्वतःचा उजेड नाही. आपल्याला दिसते ते त्याच्यावर पडलेले ऊन. गुरूची जी बाजू आपल्याकडे असते तिच्यावर जवळजवळ पूर्ण दिवस असतो. म्हणजे आपण रात्री गच्चीवर उभे राहून, दूरच्या का होईना, पण उन्हातल्या वस्तूचे छायाचित्र घेत असतो. कॅमेऱ्याला हे ठाऊक नसते. स्वयंचलित पद्धतीत तो सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड मोजतो. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंथच्या) दुर्बिणीत गुरूची प्रतिमा जेमतेम पाव मिलिमीटरची पडते आणि नेहमीच्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद असतो. उरलेली सगळी चौकट काळी. साहजिकच कॅमेरा ‘इथे अंधार आहे’ असे ठरवून प्रकाश जास्त वेळ आत घेतो, आणि त्या चिमुकल्या बिंबावर गरजेच्या अनेक पटींनी उजेड ओतला जातो. सेन्सरच्या बिंदूंची धारणक्षमता संपली की पुढचे सगळे पांढरे. त्या पांढऱ्यात पट्टेही गेले आणि रंगही. नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी ते परत येत नाहीत, कारण ते नोंदलेच गेलेले नसतात.

एका चौकटीसाठी सेन्सरने जितका वेळ प्रकाश गोळा केला त्या वेळेला एक्स्पोजर म्हणतात. ग्रहांच्या बाबतीत हा वेळ आपण स्वतः ठरवायचा, कॅमेऱ्यावर सोडायचा नाही. मोबाइलवरही हे जमते: पडद्यावर ग्रहावर बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतात, आणि मग उजेडाची पट्टी खाली ओढायची. गोळा मंदावत जातो आणि एका टप्प्यावर त्यात अचानक दोन रेघा उमटतात. इतके केले तरी निम्मे काम झाले.

कोणत्या ग्रहाला किती वेळ

इथे एक गोष्ट पुष्कळांना चकवते. ग्रह आपल्या किती जवळ आहे यावर एक्स्पोजर ठरत नाही. ग्रह जवळ आला की त्याचे बिंब मोठे होते आणि एकूण उजेड वाढतो, पण तो वाढीव उजेड वाढलेल्या क्षेत्रावरच पसरतो. बिंबाच्या प्रत्येक तुकड्याची प्रखरता तीच राहते. ती प्रखरता ठरते दोन गोष्टींवरून: ग्रह सूर्यापासून किती दूर आहे आणि आलेल्या उन्हापैकी किती तो परत फेकतो.

गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर असल्यामुळे त्याच्यावर पडणारे ऊन आपल्या उन्हाच्या सत्ताविसाव्या भागाइतके असते, तर शनीवर सुमारे नव्वदाव्या भागाइतके. दोघांचेही ढग साधारण सारख्याच प्रमाणात उजेड परत फेकतात, त्यामुळे गुरूला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट ते साडेतीनपट शनीला द्यावा लागतो. मंगळ गुरूहून बराच काळपट आहे, पण सूर्याच्या जवळ असल्याने त्याची प्रखरता गुरूच्या तीन-चार पट भरते. शुक्राची तर गोष्टच निराळी. पांढऱ्या ढगांमुळे त्याच्या उजळ भागाची प्रखरता पौर्णिमेच्या चंद्राच्या दहापट असते.

चंद्राचा उल्लेख मुद्दाम केला, कारण छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा त्याच्यावर बेतलेला आहे: एफ/११ (हे एफ-गुणोत्तर, त्याचा अर्थ पुढे येतोच) आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० असताना पौर्णिमेच्या चंद्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. चंद्राचा पृष्ठभाग डांबरी रस्त्याइतका काळा आहे आणि तो पडलेल्या उजेडाचा जेमतेम आठवा भाग परत फेकतो, पण त्याच्यावर ऊन मात्र पृथ्वीइतकेच पडते. हिशेब मांडला तर गुरूची प्रखरता चंद्राच्या साधारण सहाव्या भागाइतकी येते. म्हणजे त्याच एफ/११ आणि आयएसओ १०० ला गुरूला सेकंदाचा पंधरावा-सोळावा भाग पुरेल. काही सेकंदांच्या एक्स्पोजरचा इथे प्रश्नच येत नाही.

बिंब मोठे करण्याची किंमत

पाव मिलिमीटरच्या प्रतिमेत तपशील मावत नाहीत, म्हणून दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये बार्लो भिंग घालून प्रतिमा मोठी करतात. दुप्पट बार्लो घातले की प्रतिमेची रुंदी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, आणि तोच उजेड चौपट जागेत पसरल्याने एक्स्पोजरही चौपट. नाभीय अंतराला आरशाच्या व्यासाने भागले की येणारा आकडा म्हणजे एफ-गुणोत्तर. २०० मिलिमीटर व्यासाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण एफ/६ ची, आणि अडीचपट बार्लो घातल्यावर एफ/१५ ची.

कुठे थांबायचे, याला एक उपयोगी नियम आहे. सेन्सरच्या एका बिंदूची रुंदी मायक्रॉनमध्ये घ्यावी आणि तिला पाचाने गुणावे. येणारे एफ-गुणोत्तर पुरेसे असते. ग्रहांसाठी वापरल्या जाणाऱ्या कित्येक कॅमेऱ्यांत ही रुंदी २.९ मायक्रॉन असते, म्हणून एफ/१५ च्या आसपास. काहींत ती ३.७५ मायक्रॉन असते. तिथे एफ/१८ किंवा १९. यापुढे वाढवलेल्या आकारात नवा तपशील येत नाही, कारण २०० मिलिमीटरच्या आरशाला सुमारे ०.६ विकलांपेक्षा बारीक काही वेगळे करून दाखवता येत नाही. (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, चंद्राचे बिंब सुमारे १८०० विकलांचे आणि गुरूचे प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला असतो तेव्हा, ४४ ते ५० विकलांचे.) खोक्यावर ‘६७५ पट मोठे’ असे छापलेल्या स्वस्त दुर्बिणींवर विश्वास न ठेवण्याचे कारणही हेच. एफ/१५ ला गुरू सेन्सरवर सुमारे २३० बिंदू रुंद पडतो. पडद्यावर तो लहान वाटतो, आणि तेवढा असू द्यावा.

हवा आपला वेळ ठरवते

आता मूळ मुद्दा. एफ/१५ ला, आयएसओ १०० सारख्या मंद संवेदनशीलतेवर गुरूला सेकंदाचा आठवा भाग द्यावा लागेल. कागदावर हे उत्तम दिसते. प्रत्यक्षात तितक्या वेळात आपल्या आणि गुरूच्या मधली हवा कित्येकदा हललेली असते.

थंडीत इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू हा कंद तळण्याची कढई तापलेली असते तेव्हा तिच्या वरून पलीकडच्या दुकानाची पाटी वाचून पाहावी. अक्षरे लहरतात, एकमेकांत मिसळतात, आणि मधूनच एखाद्या क्षणी पाटी लख्ख वाचता येते. दुर्बिणीसमोर नेमके हेच घडते. कमी-जास्त तापमानाच्या हवेचे थर किरणांना निरनिराळे वाकवतात आणि हा घोळ दर काही मिलिसेकंदांनी बदलतो. एक्स्पोजर लांब असेल तर सगळ्या लहरी एकाच चौकटीत एकावर एक चढतात आणि प्रतिमा गुळगुळीत होते. ते पाच-दहा मिलिसेकंदांचे असेल तर प्रत्येक चौकटीत हवेची एकच अवस्था पकडली जाते. बहुतेक चौकटी वाकड्यातिकड्या येतात, पण काही थोड्या लख्ख क्षणी उमटलेल्या असतात.

त्या थोड्या निवडायच्या, एकमेकांवर बसवायच्या आणि त्यांची सरासरी काढायची, ही आजची रूढ पद्धत. अशी चौकट मिळण्याची शक्यता किती, याचे गणित डेव्हिड फ्राइड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७८ साली मांडले. त्यातून निघणारी एक गोष्ट हौशी लोकांना दिलासा देणारी आहे: आरसा जितका मोठा तितकी पूर्ण स्वच्छ क्षण लाभण्याची शक्यता झपाट्याने घटते. १५० ते २५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला असे क्षण बऱ्यापैकी मिळतात.

म्हणून एक्स्पोजरचा क्रम उलटा लावावा लागतो. उजेड किती हवा ते पाहून वेळ ठरवायचा नाही. हवा किती वेळ देते ते पाहून वेळ ठरवायचा आणि उजेडाची उणीव अन्य मार्गाने भरायची. गुरूला पाच ते दहा मिलिसेकंद, मंगळाला त्याहून कमी, शनीला वीस-पंचवीस मिलिसेकंद, ही सुरुवात करायला ठीक आहे. हवा फार खळबळलेली असेल तर आणखी कमी करावे.

मग चित्र काळे पडणार नाही का?

पडेल, आणि त्यासाठीच गेन असतो. सेन्सरवरून आलेला संकेत किती पटींनी वाढवून नोंदायचा याची ही मात्रा. डीएसएलआरमधला आयएसओ साधारण त्याच कामाचा. आयएसओ १०० ला सेकंदाचा आठवा भाग लागत असेल तर १६०० ला त्याच्या सोळाव्या हिश्श्यात, म्हणजे सात-आठ मिलिसेकंदांत काम भागते. हवेने दिलेली वेळ नेमकी हीच आहे.

यावर येणारा आक्षेप ठरलेला आहे: गेन वाढवला की चित्रात दाणे येतात. एका चौकटीपुरते ते खरेच आहे. उघडून पाहिली तर सुट्टी चौकट ओबडधोबड, रवाळ दिसते आणि नवखा माणूस घाबरून गेन उतरवतो, एक्स्पोजर वाढवतो आणि हातचे घालवतो. दाणे प्रत्येक चौकटीत निराळ्या जागी पडतात, ग्रह मात्र तोच राहतो. त्यामुळे चौकटींची सरासरी काढली की दाणे चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतात. दोन मिनिटांत, सेकंदाला शंभर या वेगाने, बारा हजार चौकटी मिळतात. त्यातल्या उत्तम वीस टक्के, म्हणजे २४०० निवडल्या तर दाणे जवळपास एकोणपन्नासाव्या भागावर येतात. दाण्यांवर असा इलाज आहे. हवेने पुसट केलेल्या चौकटीवर मात्र कोणताच इलाज नाही.

गेन किती ठेवायचा हे डोळ्यांनी ठरवू नये, कारण अंधारात लॅपटॉपचा पडदा फसवतो. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चरसारख्या प्रणालीत हिस्टोग्राम दिसतो: डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा, आणि मधला डोंगर सांगतो की कोणत्या उजळपणाचे किती बिंदू आहेत. काळ्या आकाशाचा मोठा सुळका डावीकडे असतोच, त्याच्याकडे पाहू नये. ग्रहाचा डोंगर उजवीकडे जिथे संपतो ते टोक पूर्ण पांढऱ्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर असावे. हवा लहरते तेव्हा एखाद्या क्षणी बिंबाचा भाग जास्त उजळतो, त्या उसळीसाठी वर जागा मोकळी हवी. शनी पन्नास टक्क्यांच्या खाली राहिला तरी बिघडत नाही.

कॅमेऱ्याची पूर्ण चौकट नोंदण्याचे काही कारण नाही. ग्रहाभोवती ६४० गुणिले ४८० बिंदूंचा तुकडा पुरतो आणि त्यामुळेच सेकंदाला शंभर चौकटींचा वेग साधतो. नोंद एसईआर किंवा असंकुचित एव्हीआय स्वरूपात करावी. संकुचित व्हिडिओत बारीक तपशीलच आधी कापला जातो. बारा हजार चौकटींचे सुमारे पावणेचार गिगाबाइट होतात, तेव्हा संध्याकाळीच डिस्क रिकामी करून ठेवणे बरे.

फोकस: कागदाच्या जाडीहून कमी

एक्स्पोजर चुकले तर ते पडद्यावर लगेच कळते. फोकस चुकला तर तो हवेच्या नावावर खपतो, आणि माझ्या पाहण्यातली निम्मी पुसट चित्रे हवेने नव्हे, फोकसने बिघडवलेली असतात.

एफ/६ च्या दुर्बिणीत फोकसची मुभा किती असते? प्रकाशाच्या तरंगलांबीवरून काढले तर नेमक्या जागेच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ०.०४ मिलिमीटर. दोन्ही बाजू धरून ०.०८. छपाईचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. ‘बार्लो घातल्यावर एफ/१५ झाले, म्हणजे मुभा वाढली’ असे काही जण म्हणतात. कॅमेऱ्यापाशी ती वाढते हे खरे. पण आपण जो फोकसर फिरवतो तो बार्लो आणि कॅमेरा दोघांनाही एकत्र हलवतो, आणि त्याच्यापुरती मुभा मूळ एफ/६ चीच राहते.

प्रत्यक्षात हे कसे दिसते ते सांगतो. लॅपटॉपवर शनी लहरतो आहे. फोकसरच्या मुठीला बोट लागते न लागते तोच सगळे चित्र थरथरते आणि दोन-तीन सेकंद काहीच कळत नाही. थरथर थांबते. शनी थोडा फुगलेला वाटतो. मूठ केसभर फिरवावी. पुन्हा थरथर, पुन्हा वाट. आता कड्यांच्या दोन्ही टोकांना, जिथे ती सर्वांत रुंद दिसतात तिथे, एक बारीक काळी रेघ क्षणभर येते आणि जाते. हा कॅसिनीचा विभाग, म्हणजे कड्यांमधली फट, १६७५ साली सापडलेली, सुमारे ४८०० किलोमीटर रुंद. आपल्याला दिसतो तेव्हा एका विकलेहूनही अरुंद. तिथेच थांबण्याचा मोह होतो. थांबू नये. त्याच दिशेने आणखी थोडे पुढे जावे, रेघ यायची बंद होईपर्यंत. मग उलट फिरून तशीच दुसरी मर्यादा शोधावी आणि दोहोंच्या मधोमध येऊन स्थिर व्हावे. चांगली जागा एकदम हाताला लागत नाही, ती दोन्ही बाजूंच्या वाईट जागांवरून काढावी लागते.

या सगळ्यात पाहायचे ते फक्त हवा थांबते त्या क्षणांकडे. हवा लहरत असताना प्रतिमा पुसट झाली म्हणून मूठ फिरवली, तर आपण हवेचा पाठलाग करू लागतो आणि ती पाठलाग संपू देत नाही. एका जागी निदान दहा सेकंद पाहावे आणि त्या दहांतला सर्वांत चांगला क्षण कसा होता एवढेच लक्षात ठेवून पुढच्या जागेशी त्याची तुलना करावी.

गुरूच्या बाबतीत ग्रहाकडे न पाहता त्याच्या चंद्रांकडे पाहणे सोपे जाते. चंद्र जवळजवळ बिंदूच असतो. तो सर्वांत लहान आणि टोकदार दिसला की फोकस साधला. त्यासाठी गेन तात्पुरता वाढवावा लागतो, कारण ग्रहासाठी योग्य एक्स्पोजर ठेवले की चंद्र जवळजवळ दिसेनासे होतात. त्यांचा पृष्ठभाग फार काळा आहे असे नाही. त्यांचा एवढासा उजेड हवेत विस्कटून मोठ्या जागेत पसरतो. वृत्तपत्रांत पट्टे आणि चंद्र दोन्ही ठसठशीत असलेली चित्रे छापून येतात ती पुष्कळदा दोन निरनिराळ्या एक्स्पोजरची जोडलेली असतात.

तिसरा मार्ग बाहतिनोव्ह मुखवट्याचा. तिरप्या चिरा असलेली ही जाळी दुर्बिणीच्या तोंडावर लावून एखाद्या ठळक ताऱ्याकडे पाहिले की तीन रेघा दिसतात, आणि मधली रेघ बरोबर मध्यावर आली की फोकस जुळला. पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाच्या नावाने ती ओळखली जाते. ग्रहाला बिंब असल्याने तिथे रेघा पुसट होतात, म्हणून जाळी ताऱ्यावर वापरावी, काढून ठेवावी आणि मग ग्रहाकडे वळावे. मात्र याने अंदाज येतो, शेवटचा केसभर फरक ग्रहावरच साधावा लागतो.

आणि एकदा साधलेला फोकस टिकतो असेही नाही. दुर्बिणीची नळी पोलादी आणि सव्वा मीटर लांब असेल, तर तापमान पाच अंशांनी उतरल्यावर ती सुमारे ०.०७ मिलिमीटरने आखडते. वर सांगितलेली मुभा एवढ्यातच संपली. माळव्यात थंडीच्या रात्री संध्याकाळनंतर पारा भराभर उतरतो, तेव्हा दर अर्ध्या तासाने फोकस नव्याने पाहायलाच हवा. मुठीला वीज-मोटर लावली तर हाताची थरथर वाचते. सगळ्या सामानात पैसे कुठे घालावेत असे कोणी विचारले तर मी आधी हीच सांगेन, मोठे बार्लो सर्वांत शेवटी.

फोकस जमतच नाही, असे का होते?

कधी कधी अलीकडे-पलीकडे कितीही फिरवले तरी टोकदार जागा सापडतच नाही. अशा वेळी दोष बहुधा तीन ठिकाणी असतो. आरसे एका रेषेत नसतील, तर ताऱ्याला फोकसबाहेर नेल्यावर दिसणारी वर्तुळे एकाच मध्याभोवती न दिसता एका अंगाला कललेली दिसतात. ती सरळ केल्यावाचून पुढे जाऊ नये. आरसा खोलीतून नुकताच बाहेर आणला असेल तर त्याच्यावरून उबदार हवा उठत राहते. २०० मिलिमीटरच्या आरशाला बाहेरच्या हवेशी जुळवून घ्यायला तासभर द्यावा लागतो.

तिसरी जागा म्हणजे आपली गच्ची. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते सोडत बसतो. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा डबा ग्रहाच्या दिशेला असेल तर तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. घरासमोर गवताचा तुकडा असेल तर तो गच्चीपेक्षा चांगला, आणि गच्चीच असेल तर पहाटेची वेळ संध्याकाळपेक्षा चांगली. हिवाळ्यात उत्तर भारताच्या आकाशात उंचावरून पश्चिमी वाऱ्यांचा वेगवान झोत वाहतो, त्याला मात्र आपण काही करू शकत नाही. तो अंगावर आला की तारे जोरात लुकलुकतात, आणि अशा रात्री आवरून झोपणे शहाणपणाचे.

ग्रह क्षितिजाजवळ असेल तर हवेचा थर जाड होतो आणि शिवाय हवा लोलकासारखी वागून रंग अलग करते. तीस अंश उंचीवर निळी आणि तांबडी प्रतिमा दोन विकलांच्या आसपास सरकलेल्या असतात, आणि आपण तर अर्ध्या विकलेच्या तपशिलामागे असतो. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. इंदूरचा अक्षांश २२.७ अंश, जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला गुरू आपल्या माथ्यावरून जेमतेम अर्ध्या अंशाच्या फरकाने गेला. बडोद्याचीही स्थिती तीच. लंडनच्या निरीक्षकाला तो साठ अंशांच्या आसपासच मिळाला. फक्त, डॉब्सनियन बैठकीची, म्हणजे फक्त आडवी आणि खाली-वर फिरणारी, दुर्बीण अगदी माथ्यावर रोखली की ग्रहामागे तिला भराभर गरगर फिरवावे लागते, म्हणून ग्रह माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर चित्रण करावे.

शहराच्या उजेडातून हे कसे जमेल?

अगदी व्यवस्थित जमते. आकाशगंगा आणि तेजोमेघ टिपायचे तर जानापावच्या डोंगराकडे किंवा त्याहून दूर जावे लागेल, कारण त्यांचा उजेड शहराच्या उजेडापेक्षा फिका असतो. ग्रहाचे बिंब इंदूरच्या उजळलेल्या आकाशापेक्षा इतके प्रखर असते की दहा मिलिसेकंदांच्या चौकटीत आकाशाचा उजेड नोंदलाही जात नाही. ग्रहासाठी गाडी काढून डोंगरावर जाण्यापेक्षा घरच्याच ठिकाणी चार रात्री जास्त पाहणे फायद्याचे, कारण स्थिर हवेची रात्र कोणती निघेल हे आधी सांगता येत नाही.

मग हे चित्र खरे म्हणायचे का?

हजारो चौकटींतून निवड, सरासरी, वर संगणकाने केलेली धार; हे छायाचित्र की कलाकुसर, असे विचारणारे पुष्कळ असतात. सरासरीने चित्रात काही नवे भरले जात नाही, प्रत्येक चौकटीत थोडे-थोडे असलेले पुढे येते. धार देण्याचे मात्र तारतम्य लागते. ऑटोस्टॅकर्टने चौकटी बसवल्यावर रेजिस्टॅक्ससारख्या प्रणालीत धारेचे खटके ओढता येतात, आणि ते जास्त ओढले की ग्रहाच्या कडेला नसलेली दुसरी कड उमटते, पट्ट्यांत नसलेले कंगोरे दिसू लागतात. एकाच रात्रीचे दोन निरनिराळे व्हिडिओ वेगवेगळे सिद्ध करावेत. दोन्हींत आलेला तपशील खरा मानावा, एकातच आलेला सोडून द्यावा. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला गुरूवर एक नवा काळा डाग दिसला. तो टकरीचा व्रण ठरला आणि पुढे मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. चित्रण काळजीपूर्वक केलेले असेल तर त्याला असे वजन येते.

व्हिडिओ किती लांब घ्यावा, यालाही मर्यादा आहे, कारण ग्रह फिरत असतो. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या बिंबाच्या मध्यावरचा डाग मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. दोन मिनिटांत अर्धी विकला झाली, म्हणजे दुर्बिणीच्या क्षमतेइतकी. म्हणून गुरूला दोन मिनिटे, शनीला चार-पाच, आणि सावकाश सरकणाऱ्या मंगळाला त्याहूनही जास्त चालतात.

येत्या संधी

शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ ला आहे. इंदुरातून तो सत्तर अंशांच्या आसपास चढेल आणि २०२५ मध्ये जवळजवळ आडवी झालेली त्याची कडी पुन्हा उघडू लागलेली असतील. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ काही दिवसांच्या अंतराने प्रतियुतीत येतील आणि दोन्ही आकाशात उंच असतील. मंगळ या खेपेला लहानच, जेमतेम १४ विकलांचा. त्याच्यावर फोकस साधणे त्यामुळे कठीण जाईल, पण दोन्ही ग्रह दुर्बिणीच्या दृष्टीने सारखेच अनंत अंतरावर आहेत. तेव्हा फोकस गुरूच्या एखाद्या चंद्रावर साधावा, मुठीला पुन्हा हात न लावता दुर्बीण मंगळाकडे वळवावी, आणि गेन गुरूच्या बिंबासाठी ठेवला होता तोच ठेवून एक्स्पोजर त्याच्या एक-तृतीयांश करावे.